हवेचा बोर्ड की हार्ड बोर्ड? कोकणात पॅडलबोर्ड घेण्याआधी लोक विचारतात ते प्रश्न

मालवणजवळ देवबागला आमच्या पडवीत एक हार्ड बोर्ड टांगलेला असतो आणि हवेचा बोर्ड खोलीत बॅगेत असतो. लोक येतात, दोन्ही फिरवून बघतात, घरी जातात आणि मग तिकडून मेसेज सुरू होतात, भाऊ कुठला घेऊ, भाऊ फुटणार नाही ना, भाऊ पुण्याहून आणू कसा. तेच तेच लिहून अंगठा दुखायला लागला म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय. नंबर टाकलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा उल्लेख असेल तर तिकडे जाऊन वाचा.

१. पॅडलबोर्ड म्हणजे नक्की काय आणि हे दोन प्रकार कुठले?

उभं राहून लांब वल्ह्यानं वल्हवायची रुंद फळी. खेळ मूळचा हवाईचा, जगभर पसरला तो २००० नंतर. खाडीत होडीवर उभे राहून काठीनं होडी रेटत नेणारे आजोबा बघितले असतील तर बॅलन्स तोच आहे, फक्त होडी चपटी झालीये.

हार्ड बोर्डात आत थर्माकोल असतं, वरून फायबरग्लास आणि इपॉक्सीचा थर. हवेचा म्हणजे जाड पीव्हीसीचा, पंपानं फुगवायचा आणि काम झालं की गुंडाळून पाठीवर मारायचा. सगळा प्लास्टिकचा असा तिसरा एक प्रकार आहे, तो १७ मध्ये.

२. एवढं वाचायला वेळ नाही, एक काय ते सांगा.

पाणी बघून ठरवू नका, घर ते पाणी हा रस्ता बघून ठरवा. पुण्यामुंबईत तिसऱ्या मजल्यावर राहता, वर्षातून पाचसहा वेळा कोकणात उतरता, गाडीला कॅरिअर नाही, तर हवेचा घ्या आणि दुसरा विचार करू नका. किनाऱ्यावर घर आहे, दारातून शंभर पावलांवर पाणी आहे आणि रोज सकाळी अर्धा तास मोकळा मिळतो, तर हार्ड. मधल्या लोकांनी पुढचं वाचा. चांगला हार्ड बोर्ड घेऊन लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिन्यात उभा करून ठेवलेले लोक मला माहितीयेत, त्या बोर्डाला वर्षभरात खारं पाणी म्हणून लागलं नाही.

३. हवेचा म्हणजे ती स्विमिंग पुलातली गादीच ना? उभं राहिलं की दबणार नाही का?

गादी नाही. आत वरच्या आणि खालच्या कापडाला जोडणारे हजारो धागे असतात, याला ड्रॉप-स्टिच म्हणतात. हवा भरली की बोर्ड गोल फुगायला बघतो पण हे धागे त्याला फुगू देत नाहीत, त्यामुळे तो सपाट राहतो आणि लाकडासारखा कडक होतो. ही आयडिया नवीन नाही, अमेरिकेत गुडइयर कंपनीनं असल्याच कापडाचं फुगवायचं विमान बनवलं होतं आणि ते १९५६ साली उडालंही होतं. तेव्हा तुमच्या वजनाची काळजी नको.

पण सगळं प्रेशरवर आहे. बहुतेक बोर्डांना १२ ते १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) लागतं, नक्की आकडा व्हॉल्वजवळ छापलेला असतो. लोक हात दुखायला लागले की आठनऊवर थांबतात आणि मग म्हणतात बोर्ड मधनं खाटेसारखा खाली जातो. जाणारच. नीट भरलेल्या बोर्डावर बोटानं टकटक केलं तर दार वाजवल्यासारखा आवाज येतो, तो येईपर्यंत पंप मारा.

४. माझं वजन ९५ किलो आहे, कुठला साइज घेऊ?

१०'६" लांब आणि ३२ ते ३४ इंच रुंद, जाडी ६ इंच. या मापाच्या हवेच्या बोर्डात पावणेतीनशे-तीनशे लिटरच्या आसपास जागा असते, म्हणजे तुम्ही, पाण्याची बाटली, डबा सगळं आरामात तरंगतं. त्याच लांबीरुंदीचा हार्ड बोर्ड कमी जाड असतो, त्याचा आकडा साधारण १७० ते १९० लिटर येतो, तोही तुम्हाला पुरेल पण शिकाऊ असाल तर पाय जास्त थरथरतील. हवेच्यात ४.७ इंच जाडीचेही मिळतात, दिसायला छान असतात, पण ८० किलोच्या वर वजन असेल तर ते घेऊ नका, मधे लवतात. रुंदीच्या बाबतीत लाज बाळगू नका. बारीक बोर्ड घेऊन दर दोन मिनिटांनी पाण्यात पडण्यापेक्षा ३४ इंची बरा.

५. आमच्याकडे खडकांवर कालवं (खडकाला चिकटलेले धारदार शिंपले) आहेत, हवेचा बोर्ड फाटणार नाही का?

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा, आणि बरोबरच आहे, कारण कालवाची धार ज्याच्या पायाला लागलीये त्याला ती वेगळी सांगावी लागत नाही.

माझा अनुभव सांगतो. हवेचा बोर्ड कालवांच्या खडकावर आपटला तर शक्यतो उसळून बाजूला होतो, वर ओरखडे येतात, बास. हार्ड बोर्ड तसाच आपटला तर फायबर तडकतं आणि तिथनं पाणी आत थर्माकोलात जायला सुरुवात होते. म्हणजे आपटण्यात हवेचा जिंकतो. पण घासण्यात हरतो. जेटीच्या खांबाला बांधून ठेवला आणि लाटेबरोबर तासभर वरखाली घासत राहिला तर कालवं त्याची कडा करवतीसारखी कापतात. आमच्या एका पाहुण्यानं असाच जेटीला बांधला आणि वर चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा बोर्ड पाण्यावर पापडासारखा पसरला होता, आणि चीर बरोबर कडेच्या जोडावर, म्हणजे पॅच लावायला सगळ्यात वाईट जागी. तेव्हा बांधून ठेवू नका, वर उचलून घ्या, दहा किलोचा तर आहे.

६. आम्ही खाडीतच चालवणार. मग कुठलाही चालेल ना?

खाडीला बोर्डापेक्षा फिन महत्त्वाचा. फिन म्हणजे खालचं ते सुकाणूसारखं पातं. नेहमीचा मोठा फिन ८-९ इंची असतो, ओहोटीला वाळूच्या बांधावर तो रुततो, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि तुम्ही पुढे पाण्यात जाता. खाडीसाठी साडेचार इंची आखूड, वाकणारा फिन वेगळा घ्या. हवेच्या बोर्डाला बऱ्याचदा रबरी छोटे फिन चिकटवूनच येतात, ते खाडीला मस्त. घेताना बॉक्स, म्हणजे फिन बसवायची खाच, कुठला आहे ते बघा, काही कंपन्यांचा स्वतःचाच वेगळा बॉक्स असतो, त्यात दुसरा फिन बसत नाही, आणि हरवला की मालवणात काय कोल्हापुरातही मिळणार नाही.

दुसरं म्हणजे भरतीओहोटी. जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला चार पाऊणे तीन म्हणजे तीनच्या सुमारास. हा हिशोब मुंबईकडचा, आमच्या दक्षिणेला त्याच्या थोडं आधीच भरतं. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी जास्त चढतं, जास्त जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी, शिकायला तेच दिवस चांगले. भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघालं की पाणी तुम्हाला खाडीत वर नेतं आणि उतरताना परत आणतं, दोन्हीकडे फुकट.

फक्त संगमाच्या तोंडाशी ओहोटीला जाऊ नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला पाणी असं ओढतं की चांगला वल्हवणाराही जागेवरच राहतो. तिथे बोर्ड कुठला हा प्रश्नच उरत नाही.

७. वाऱ्यात दोन्हींत फरक पडतो का?

खूप. हवेचा बोर्ड जाड आणि हलका, तो पाण्यात कमी बसतो, पाण्यावर जास्त. वाऱ्याला पकडायला भरपूर कडा मिळते. हार्ड बोर्ड खाली बसतो त्यामुळे वाऱ्यात तो सरळ चालतो, हवेच्याचं तोंड सारखं फिरतं.

कोकणात वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. अकराबाराला खारे वारे सुटतात, दुपारी तीनचारला सगळ्यात जोर, फेब्रुवारी ते मे तर विचारूच नका. म्हणून सगळे सांगतात सकाळी जा. पण थंडीच्या दिवसांत सकाळी मतलई वारे असतात, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्यावर उभं राहिलं की पाणी तेलासारखं सपाट दिसतं, वारा जाणवतही नाही कारण मागे माडांची रांग आडोसा धरून असते. दोनशे मीटर आत गेलात की तो पाठीला लागतो आणि तुम्हाला वाटतं वा काय स्पीड मिळतोय.

मी पहिल्या वर्षी डिसेंबरात हवेचा बोर्ड घेऊन असाच निघालो होतो. मागे वळून बघितलं तेव्हा किनाऱ्यावरची माणसं मुंग्यांएवढी. उभ्यानं वल्हवलं तर बोर्ड मागेच जात होता, शेवटी पोटावर आडवा झालो आणि हातांनी मारत राहिलो, तरी पुढे सरकेना. एका होडीवाल्या काकांनी ओढून आणलं. वाटेत एक शब्द बोलले नाहीत, किनाऱ्याला लागल्यावर म्हणाले, "मतलय सुटलो काय फळकुट घेवन भायर जावचा नाय रे झिला. जावचा तर आधी वाऱ्याक तोंड दे, येताना वारोच तुका हाडतलो."

तेवढं एक पाठ करा. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, येताना वारा आणेल. मतलई असेल तेव्हा ते समुद्रात जमत नाही, कारण वाऱ्याच्या विरुद्ध म्हणजे तुमचं घरच येतं, मग त्या दिवशी खाडीत जायचं. आणि वारा पेलत नसेल तर उभं राहू नका, गुडघ्यावर बसा, तुमचं अंग म्हणजेच शीड असतं.

८. लाटांवर चालवता येईल का?

हार्ड. इथे वाद नाही. लाटेवर वळायला कडा धारदार लागते, हवेच्याची कडा गोल असते, तो लाटेवरनं तिरपा घसरत येतो. मजा म्हणून गुडघाभर फेसात हवेचा चालतो, आणि पोरांना तर तोच द्यावा, डोक्यावर आपटला तरी टेंगळावर भागतं. हार्ड बोर्ड फेसातून सुटून तोंडावर आला तर दातांचं काम निघतं. मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेर इथल्या जलक्रीडा बंदच असतात, दर्या खवळलेला असतो, मच्छीमारही १ जून ते ३१ जुलै बंदी पाळतात. त्या दिवसांत लाटा भारी दिसतात म्हणून कुठलाच बोर्ड काढू नका.

९. लांब जायचंय, दहाबारा किलोमीटर. मग?

मग लांब बोर्ड, १२'६" आणि ३० इंचाच्या आत. यात हार्डचा ग्लाइड वेगळाच असतो, एका वल्ह्यात तो जेवढा सरकतो तेवढा हवेचा सरकत नाही, तासाभरानंतर खांद्याला फरक कळतो. हवेच्यातही टूरिंगचे येतात, पुढे टोकदार, वाईट नसतात. पण लांब पल्ल्याला बोर्डाइतकंच वल्हं मोजा. हवेच्या बोर्डाबरोबर फुकट येणारं ॲल्युमिनियमचं वल्हं जड असतं, दोन तास जड वल्हं उचलायचं म्हणजे बाजारातली पिशवी सारखी वरखाली करण्यासारखं आहे. फायबरचं किंवा कार्बनचं वेगळं घ्या. उंची तुमच्या डोक्याच्या वर वीतभर.

१०. पंप मारायला किती वेळ लागतो? पंक्चरवाल्याकडे भरून मिळेल का?

हातपंपानं आठदहा मिनिटं, पहिली पाच सोपी, शेवटची तीन घामाची. सुरुवातीला गेजचा काटा हलत नाही, पाचसहा पीएसआय होईपर्यंत शून्यावरच बसून राहतो, त्यामुळे लोक म्हणतात पंप खराब निघाला. खराब नाही, मारत राहा. डबल ॲक्शन पंप (ओढताना आणि दाबताना दोन्ही वेळा हवा भरणारा) असेल तर शेवटी सिंगलवर करा.

पंक्चरवाल्याकडे नका नेऊ. एकतर त्याचा नोझल बसत नाही, व्हॉल्व वेगळा असतो. अडॅप्टर लावून बसवला तरी त्याचा कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी असतो, लक्ष चुकलं तर जोड फाटतात. गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा सपचाच (पॅडलबोर्डलाच सप म्हणतात) इलेक्ट्रिक पंप मिळतो, ठरवलेल्या प्रेशरला आपोआप बंद होतो, वर्षभर वापरणार असाल तर घ्याच. गाडी चालू ठेवून वापरा, नाहीतर देवगडच्या किनाऱ्यावर बोर्ड फुगलाय आणि गाडी स्टार्ट होत नाहीये असा सीन होतो.

११. ट्रेननं किंवा एसटीनं आणता येईल का?

हवेचा येतो. बॅग मोठ्या हायकिंग सॅकएवढी होते, पंप वल्हं सगळं धरून बारापंधरा किलो. मांडवी एक्सप्रेसला मी सीटखाली ढकलून आणलाय, पंप बाहेर काढावा लागला एवढंच. एसटीत डिकी असलेली गाडी बघा, आणि आणताना वर दुसऱ्याच्या आंब्याच्या पेट्या येणार नाहीत ते बघा.

हार्ड फक्त कॅरिअरवर. दहा फुटी बोर्ड छोट्या गाडीवर पुढेमागे दोन्हीकडे बाहेर येतो, घाटातल्या वळणांवर वारा त्याला उचलायला बघतो. दोन आडवे पट्टे कमी पडतात, पुढच्या टोकालाही दोरी बांधा. फिन काढून, तळ वर करून, नाळ म्हणजे बोर्डाचं पुढचं टोक पुढे.

१२. उन्हात ठेवला तर फुटतो हे खरं का?

थोडा हिशोब करू. सकाळी सावलीत २७ डिग्रीला १५ पीएसआय भरलात. वाळूवर दुपारी बोर्ड ५७ डिग्रीला गेला, आणि काळ्या-निळ्या बोर्डाला ते काहीच नाही, तर आतलं प्रेशर आपोआप १८च्या आसपास जातं. चांगला बोर्ड हे सहन करतो, एकदा, दोनदा. पण जोडाचा गम गरम होऊन मऊ पडलेला असतो आणि वर प्रेशर वाढलेलं, असं रोज झालं की जोड उघडतो. पाण्यात असताना प्रॉब्लेम नाही, पाणी थंड ठेवतं. जेवायला वर आलात की दोनतीन पीएसआय सोडून द्या किंवा सावलीत ठेवा.

सावली म्हणजे माडाखाली नव्हे. हे हसण्यावारी नेऊ नका. वाळलेली झावळी पडली तरी हार्ड बोर्डाला खळगा पडतो, नारळाचं तर सोडाच, आणि आधी तुमचं डोकं आहे. झापाच्या मांडवात ठेवा.

हार्डला ऊन चालतं हाही गैरसमज. बंद काळ्या बॅगेत उन्हात राहिला की आतली हवा तापून फायबर थर्माकोलापासून सुटतं, वर फोड आल्यासारखा फुगवटा दिसतो. तो पुन्हा बसत नाही.

१३. पावसाळ्यात चार महिने ठेवायचा कसा?

हवेच्याचे शत्रू बुरशी आणि उंदीर. गोड्या पाण्यानं धुवा, व्हॉल्वमधली वाळू ब्रशनं काढा, आणि पूर्ण वाळवा, म्हणजे खरंच पूर्ण, दोन दिवस पडवीत उभा करून. ओला गुंडाळला तर नारळी पौर्णिमेला उघडाल तेव्हा काळे डाग आणि वास. जागा असेल तर गुंडाळूच नका, अर्धवट हवा ठेवून भिंतीला उभा करा. गुंडाळायचाच असेल तर सैल, आणि पत्र्याच्या पेटीत किंवा झाकणाच्या ड्रममध्ये. माळ्यावर बॅगेत ठेवला तर उंदीर बॅगेसकट कुरतडतो, माझ्या बॅगेचं साक्षीदार भोक अजून आहे, बोर्ड दोन बोटांनी वाचला.

ॲल्युमिनियमचं दोन तुकड्यांचं वल्हं सुटं करून ठेवा. जोडलेलं ठेवलंत तर मिठानं असं जाम होतं की वेल्डिंगवाल्याकडेच जावं लागतं.

हार्डला फारसं काही नाही. आडवा, दोन ठिकाणी मऊ आधार देऊन टांगा.

१४. फुटला तर इथे रिपेअर होईल का?

होईल, पण नेहमीच्या माणसाकडे नाही, आणि यात दोन्ही प्रकारचे मालक फसतात.

हवेचा बोर्ड लोक पंक्चरवाल्याकडे नेतात. ट्यूबचं सोल्युशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते धरत नाही, दोन दिवसांत पॅच सुटतो आणि आधीचा गम खरवडण्यात तुमचा दिवस जातो. बोर्डाबरोबर आलेल्या किटमधला पीव्हीसी पॅच आणि पीव्हीसीचा गम वापरा. आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघा, निम्म्या वेळा भोक नसतंच, व्हॉल्व सैल असतो, किटमधल्या पान्यानं आवळला की काम झालं. भोक असेल तर हवा पूर्ण काढा, जागा ॲसिटोननं पुसा, गम दोन्हीकडे पातळ लावून चिकट होईपर्यंत थांबा, मग दाबा आणि वर वजन. मी पाटा ठेवतो, वरवंट्यासकट. चोवीस तास हात लावायचा नाही.

हार्ड बोर्ड लोक होड्यांचं फायबर करणाऱ्याकडे नेतात, आणि ही चूक महागाची आहे. होडीवाल्याकडचं रेझिन बहुतेक पॉलिएस्टर असतं, होडीला ते बरोबर, पण त्यातलं स्टायरिन थर्माकोल खातं. तो बिचारा मन लावून काम करतो, भोकात रेझिन ओततो आणि आतला थर्माकोल डोळ्यांदेखत वितळून खड्डा पडतो. त्याला स्पष्ट सांगा, इपॉक्सीच पाहिजे, आणि शक्यतो तुम्हीच विकत घेऊन द्या. त्याआधी भोकातलं पाणी निघायला हवं, तोंड खाली करून चारपाच दिवस वाळवा. तातडीला एम-सील लावून एक फेरी मारता येते.

१५. पायाला बांधायची ती दोरी गरजेची आहे का?

समुद्रात हो, नेहमी, दोन्ही बोर्डांना. पडलात की वारा हवेच्या बोर्डाला तुमच्या पोहण्याच्या स्पीडपेक्षा लवकर नेतो.

खाडीत मात्र उलटा धोका आहे. वाहत्या पाण्यात जाळ्याचे खांब, डोलीचे (खाडीत बांधून ठेवलेल्या जाळ्याचे) दोर, कांदळाची मुळं असतात, दोरी त्यात अडकली की पाणी तुम्हाला ओढतं आणि पाय मागे धरलेला, वाकून सोडता येत नाही. म्हणून खाडीत कमरेचा पट्टा, ज्याला एका झटक्यात सुटणारं हुक असतं. तो घेतल्यावर डोळे मिटून हात बरोबर हुकावर जातोय का ते चारवेळा घरी करून बघा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली असेल तर लांबून जा, ती लोकांची रोजीरोटी आहे, फिन दोरात अडकला तर शिव्या खाव्या लागतील आणि त्या रास्त असतील.

१६. पोहता येत नाही, तरी चालेल का? आणि मधेच हवा गेली तर?

पोहता येत नसेल तर फोमचं लाइफ जॅकेट, कमरेला पट्टीवाणी बांधायचं फुगणारं नको, कारण ते ओढून फुगवावं लागतं आणि घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. पाणी छातीएवढं असेल तिथेच, सोबत कुणीतरी.

हवा एकदम जाणं दुर्मीळ आहे. भोक पडलं तरी हवा हळू जाते, बोर्ड आधी मऊ पडतो, तुम्हाला कळतं. मऊ लागला की बसा, पोटावर झोपा आणि किनाऱ्याकडे निघा, अर्धवट हवेवरही तो माणसाला तरंगवतो. एकदम जाते ती बहुतेक वेळा व्हॉल्वचं झाकण लावलं नाही आणि आतली पिन दाबलेलीच राहिली म्हणून. पंप काढताना हवा फुस्स करून येत राहिली तर पिन वर आलेली नाही, बोटानं दाबून फिरवा. बोर्डांत बहुतेक एकच कप्पा असतो, तेव्हा दूर जाणाऱ्यांनी जॅकेट घालाच.

१७. सगळा प्लास्टिकचा हार्ड बोर्ड स्वस्त मिळतोय, तो कसा?

दणकट, कालवांना भीक घालत नाही, फुटत नाही, आणि उचलवत नाही. वीस किलोच्या आसपास जातात. इपॉक्सीवाला ११ ते १५ आणि हवेचा ८ ते ११. होमस्टेवाल्यांना चालून जाईल, घरच्यासाठी नको.

१८. होमस्टेसाठी भाड्यानं द्यायला कुठले घेऊ?

रुंद हवेचे, ३४ इंची, आणि दोन जादा वल्ही, कारण पाहुणे बोर्ड आणतात परत पण वल्हं विसरतात. भाड्यानं द्यायचं म्हणजे धंदा झाला, महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी बघा. मुलाबाळांवाले पाहुणे असतात, कुणी कुत्रा आणतं, कुत्र्याच्या नखांनी हवेचा फाटत नाही (हाही रोजचा प्रश्न आहे).

१९. नदीत वर जायचंय, मगरी असतात का?

वाशिष्ठीत चिपळूणकडे आहेत, महाडकडे सावित्रीत आहेत. बोर्ड हवेचा की हार्ड याच्याशी मगरीला देणंघेणं नाही. नवीन नदीत उतरण्याआधी तिथल्या जाळंवाल्याला विचारा, गुगलला नाही.

२०. सेकंडहँड घेतोय, काय बघू?

हवेचा असेल तर समोर फुगवायला सांगा आणि रात्रभर तसाच ठेवा, सकाळी गेज लावा. रात्री गारवा असतो म्हणून एखादा पीएसआय कमी दिसेल, ते चालतं, पाच कमी झाले तर सोडून द्या. कडेच्या जोडावर नख फिरवा, पट्टी उचललेली वाटली तर अजिबात घेऊ नका, जोड घरी दुरुस्त होत नाही. मी सुरुवातीला स्वस्तातला नवा ऑनलाइन मागवला होता, एकाच थराचा, दुसऱ्या मेमध्ये त्याची अख्खी कडा उघडली आणि विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. दोन थर कारखान्यातच एकत्र दाबलेला बघा.

हार्ड असेल तर वजनकाटा घेऊन जा, हसू देत लोकांना. कंपनीनं लिहिलेल्या वजनापेक्षा दोन किलो जास्त भरला तर ते दोन किलो पाणी आहे.

२१. हार्ड बोर्डाच्या पाठीवर तो बारीक स्क्रू कसला? उघडायचा असतो का?

तो हवेचा रस्ता. आतली हवा उन्हात फुगते, कोल्हापूर-सांगलीकडून घाट उतरताना प्रेशर बदलतं, ती हवा तिथनं ये-जा करते. काही बोर्डांना आपोआप श्वास घेणारी जाळी असते, हवा जाते पाणी जात नाही, तिला हात लावायचा नाही. साधा स्क्रू असेल तर प्रवासात आणि घरी सैल, पाण्यात उतरण्याआधी घट्ट. घट्ट करायचा राहिला तर त्याच भोकातून बोर्ड पाणी पितो, तुम्हाला दिसत नाही, फक्त परतताना तो किनाऱ्यावर उचलताना जड लागतो. आमच्याकडे पडवीत हार्ड बोर्डाच्या दोरीलाच एक स्क्रूड्रायव्हर बांधून ठेवलाय, त्याशिवाय बोर्ड खाली उतरतच नाही.